फ्लॉपीवर हळदीकुंकू

नाशिक, सोमवार, २९ ऑक्टोबर २००१

सौ. आशा,

तू शनिवारी इगतपुरीला गेलीस. पोचल्याचा निरोप गोटीरामने शेजारच्या कुसाबाईंकडे फोन करून दिला. आपल्या घरात फोन असताना तुझ्या भावाने शेजारी फोन करावा, यात मला काय समजायचं ते समजलं. कुसाबाईंनी आज निरोप दिला आणि विचारलं, "वहिनी अचानक कशा गेल्या हो, भाऊ?" मी म्हणालो, भाऊबीजेला. त्यांनी बोटं मोजली. "भाऊबीजेला अजून अठरा दिवस आहेत." मी म्हणालो, आमच्याकडे लवकर जातात.

झालं काय ते एकदा शांतपणे मांडतो, कारण दसऱ्याला तू मला मांडू दिलं नाहीस.

दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली. आमच्या शाळेत गुरुजी काढून घ्यायचे तशीच. पाटी ओली करून कोळशाने घासायची, उन्हात धरून वाळवायची आणि वाळेपर्यंत सगळ्यांनी एका सुरात कविता म्हणायची. त्या ओल्या पाटीचा वास मला अजून येतो. असो. पाटीशेजारी तुझं शिवणयंत्र, माझं शाईचं पेन आणि आपल्या ज्योत्स्नाने पाठवलेला कॉम्प्युटर. ज्याच्यावर आपण काम करतो त्याला आज हात जोडायचे, ही आपली रीत. म्हणून मी कॉम्प्युटरपुढे ती चौकोनी फ्लॉपीही मांडली. तू विचारलंस, "ही वेगळी कशाला?" मी पूजेच्या नादात खरं बोलून गेलो. म्हणालो, ही किल्ली आहे. कॉम्प्युटरमध्ये माझा एक कप्पा आहे, त्याची.

"कप्प्यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही त्याला कुलूप कोण लावतं?"

मी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायला लागलो, हे कबूल. पण तू घरादाराला आपट्याची पानं दिलीस, दूधवाल्यालाही दिलीस, आणि मला दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस आणि दारात म्हणालीस, "माझ्यासमोर उघडून दाखवणार असाल तर निरोप पाठवा. नाहीतर दिवाळी तुमची तुम्ही करा."

आशा, मी पस्तीस वर्षं पोस्टात होतो. लाखो पाकिटं या हातांतून गेली, एकही उघडलं नाही. पोस्टकार्ड उघडं असतं, ते वाटेतला कोणीही वाचतो. पाकीट डिंकाने बंद असतं, कारण माणसाला काही गोष्टी एकट्याच्या असतात. ज्योत्स्नाने कॉम्प्युटरमध्ये जे घालून दिलं आहे तेही पाकीटच. ती त्याला एन्क्रिप्शन म्हणते. आपण लिहिलेलं सगळं ते कालवून टाकतं. फ्लॉपीतली किल्ली आणि तोंडपाठ असलेलं एक परवलीचं वाक्य, दोन्ही असल्याशिवाय ते परत सरळ होत नाही. चोर आला, कॉम्प्युटर उचलून नेला, तरी त्याच्या हाती नुसता काला.

आत काय आहे म्हणशील, तर विम्याचे आणि पेन्शनचे कागद. मी ते कधीही उघडू शकतो. पण धाक घालून कोणी उघडायला लावावं, हे तत्त्वात बसत नाही. तू ये, मग बघू.

तुझा,
पुंजा

ता. क. आज सहज उघडून पाहत होतो. फ्लॉपी आत घातल्यावर कॉम्प्युटर खुडूक कोंबडीसारखा आवाज करतो. विशेष काही नसावं.

---

नाशिक, शुक्रवार, २ नोव्हेंबर २००१

सौ. आशा,

तुझं कार्ड मिळालं. पाकीट मिळत असताना तू पोस्टकार्ड का लिहिलंस ते मला कळलं. पोस्टमन कार्ड देताना म्हणाला, "साहेब, विम्याचे कागद लोखंडी कपाटातच आहेत म्हणे. वरच्या खणात." कुसाबाई तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मिळाले ना? बरं झालं बाई."

ठीक आहे. कागद कपाटात आहेत. कप्प्यात कविता आहेत. माझ्या. झालं समाधान?

आता दुसरी गोष्ट, जी मी मागच्या पत्रात लपवली. कप्पा मला उघडता येत नाही. फ्लॉपी मेली.

दसऱ्याला काय झालं ते आठव. मी गंध लावलं. तू हळद वाहिलीस, कुंकू वाहिलंस. मी म्हणालो, किल्ली आहे, अजून दोन चिमट्या वाह. तू वाहिल्यास. मग मी फुलाने पाणी शिंपडलं, तीन वेळा, मंत्र येत नाही म्हणून चौथीची कविता म्हणत. फ्लॉपीला एक पत्र्याची झडप असते, आशा. ती मी पूजेसाठी सरकवून ठेवली होती. देवाला दार उघडं असावं म्हणून.

शालिमारला चंदरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे घेऊन गेलो. त्याने ती उघडली, भिंगातून पाहिली आणि दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "काका, मी बुरशी लागलेल्या पाहिल्या, चहा सांडलेल्या पाहिल्या. हिच्यात तर पूर्ण देवघर आहे."

मी विचारलं, काही उपाय?

"अक्षता आहेत आत. दोन. फूल वाहा आणि विसर्जन करा."

दुकानात दोघे-तिघे होते, ते हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर परत येताना मला जरा हलकं वाटलं. म्हणजे हलकं नाही, वाईटच वाटलं. पण जे उघडताच येत नाही ते न उघडल्याचा दोष तरी माणसाला लागू नये, असं काहीतरी मनात येऊन गेलं. फ्लॉपी मी अजून टाकलेली नाही. हळद लागलेली वस्तू टाकवत नाही.

आणि गुपिताचंच म्हणशील, तर मलाही एक विचारायचं आहे. आपल्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षं तू आणि तुझी बहीण मालनताई माझ्यासमोर बसून च-च्या भाषेत बोलता. मी पेपर वाचतो आणि तुम्ही दोघी चकाचक चकाचक करत माझ्याकडे बघून हसता. ते एन्क्रिप्शन नाही तर काय? मी कधी किल्ली मागितली? सांग.

दिवाळीचं सामान आणलं आहे. पोहे जाड आणलेत की पातळ, ते मला कळत नाही.

पुंजा

ता. क. माझी पत्रं गोटीराम जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो असं कळलं. गोटीराम, तू हे वाचत असशील तर इथे थांब आणि पत्र बहिणीच्या हातात दे.

---

नाशिक, मंगळवार, ६ नोव्हेंबर २००१

आशा,

पुन्हा कार्डच. या वेळी मोठ्या अक्षरात. "कविता कोणावर? मालनताई म्हणते, या वयात माणूस कुलपात कविता ठेवतो म्हणजे ती कोणावर तरी असते."

पोस्टमनने कार्ड दिलं आणि जायचं सोडून उभा राहिला. मी म्हणालो, काय? तो म्हणाला, "काही नाही साहेब, उत्तर लगेच देणार असाल तर घेऊन जातो."

कुसाबाईंनी आज नमस्कार केला नाही.

मालनताईंना सांग, मी एकसष्ट वर्षांचा आहे, कवळी आहे, आणि घराबाहेर माझी धाव सकाळी गोदाकाठी गंगेवर फिरायला जाण्यापलीकडे नाही. कोणावर असणार? तशी बाई कोणी नाही. नव्हती. पोस्टाच्या काउंटरवरून मी ज्यांच्याकडे पाहिलं त्यांच्या हातात मनीऑर्डरचा फॉर्म असायचा, आणि तो नेहमी चुकीचा भरलेला असायचा. त्यातून काव्य होत नाही.

हे मी शपथेवर लिहिलं असतं. पण काल रात्री जेवणं झाल्यावर ज्योत्स्नाचा बेंगलोरहून फोन आला. तिला तू सगळं सांगितलं आहेस, असं दिसलं. ती म्हणाली, "बाबा, रडू नका."

मी म्हणालो, मी रडत नाही.

"किल्लीची एक प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे. तुम्ही काहीतरी कराल हे मला माहीत होतं. पूजा कराल असं नव्हतं वाटलं. उद्या सकाळीच कुरिअर करते."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. ती म्हणाली, "आनंद नाही झाला?"

झाला, म्हणालो.

"बाबा, आत काय आहे? मी पाहिलेलं नाही. वाक्य तुम्हालाच माहीत आहे. पण आई तिकडे रोज मालनमावशीबरोबर बसते आणि मावशीच्या डोक्यात आता त्या बाईचं नावसुद्धा ठरलं आहे."

कोणतं?

"ते मी नाही सांगणार. शेजारीच राहतात त्या."

म्हणजे कुसाबाई नमस्कार का करत नाहीत ते कळलं. आशा, कुसाबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना गुडघे आहेत. ताईंना म्हणावं, निदान माणूस तरी बघून निवडा.

तर असं आहे. किल्ली गुरुवारी येईल. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की उघडता येत नाही. ते त्या दिवशी खरं होतं. आता ते खरं राहिलेलं नाही. दोन दिवसांत मला काहीतरी ठरवायचं आहे, आणि मला झोप नाही.

पुंजा

---

नाशिक, शुक्रवार, ९ नोव्हेंबर २००१

प्रिय आशा,

हे पत्र आणि सोबतचं रजिस्टर पाकीट वेगवेगळं टाकतो आहे. का ते शेवटी सांगतो. आधी दुसरं. ते तू स्क्रीनवर वाचण्याआधी माझ्या अक्षरात वाचावंस असं वाटतं. गोटीराम, तू मोठ्याने वाचत असशील तर आता वाच. माझी हरकत नाही. निदान कुसाबाईंचं नाव तरी सुटेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी मला गोड बंद केलं. तू घरी येऊन साखरेचा डबा उचललास आणि कुसाबाईंना देऊन टाकलास. मी म्हणालो, अगं तुझ्या चहाचं काय? तू म्हणालीस, "तुमच्यासमोर मी गोड पिऊ का?" त्या दिवसापासून तू बिनसाखरेचा चहा पितेस. लग्नकार्यात श्रीखंडाची वाटी बाजूला सारतेस. कोणी आग्रह केला तर म्हणतेस, मला आवडत नाही. तुला श्रीखंड किती आवडतं ते मला माहीत आहे. आपलं नवं लग्न झालं तेव्हा तू देवळालीच्या घरात पातेलं बोटाने पुसलं होतंस आणि मी दारात उभा राहून पाहिलं होतं.

आणि मी रोज सकाळी गंगेवर फिरायला जातो.

फिरतो, आशा. पुलापर्यंत फिरतो. पुलाशी जिलबीची एक कढई लागते. पहिला घाणा सव्वासातला उतरतो.

पहिल्या दिवशी मी नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एक खाल्ली. मग इतकं अपराधी वाटलं की घरी येऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं. कोणाला सांगणार? तुलाच सांगायची सवय, आणि तुलाच सांगता येईना. म्हणून कविता केली. वृत्तात. शाळेत गुरुजी म्हणायचे, चूक झाली की ती सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिही, म्हणजे मन धुतलं जातं. मी लिहीत गेलो. मन धुतलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भूक लागायची. अशा एकेचाळीस कविता झाल्या. जिलबीवर सतरा. बासुंदीवर सहा. एक पुरणपोळीवर आहे, ती कुसाबाईंनी होळीला भिंतीवरून दिली होती. कविता पोळीवर आहे, बाईंवर नाही, हे मालनताईंना नीट समजावून सांग. प्रत्येकीखाली तारीख आहे आणि ठिकाण आहे. मला खोटं टिपता येत नाही. म्हणून तर कुलूप लागलं.

काल कुरिअर आलं. फ्लॉपी घातली, वाक्य टाइप केलं आणि कप्पा उघडला. मी एकटाच होतो. सगळ्या काढून टाकाव्यात आणि तिथे चंद्र, नदी, आईची माया असं काहीतरी घालून ठेवावं, असं मनात आलं. तू आली असतीस, वाचलं असतंस, तुला वाईटही वाटलं असतं, की उगाच संशय घेतला. दोन कविता मी पुसल्याही. मग तू माझी माफी मागते आहेस असं डोळ्यांसमोर आलं. दोन्ही कविता आठवून परत लिहिल्या. एक ओळ अजून बसत नाही.

वाचताना एक कळलं. मला वाटत होतं त्या चांगल्या आहेत. नाहीत. नमुना देतो:

कढईच्या काठावरती
सोनेरी तू फिरसी गोल,
डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा
तुझेच मजला वाटे मोल.

गुरुजींनी यावर छडी मारली असती, आणि ती साखरेसाठी नसती.

आता पाकिटाचं. कप्पा मी पुन्हा बंद केला. किल्लीची फ्लॉपी रजिस्टरने तुझ्या नावावर पाठवली आहे, पोचपावतीसह. ज्योत्स्नाला सांगून तिची प्रत पुसायला लावली, ती म्हणाली, "बाबा, नक्की का?" मी म्हणालो, नक्की. आता जगात ती एकच किल्ली आहे आणि ती तुझ्या हातात आहे. तिला कुंकू लावू नकोस. परवलीचं वाक्य या पत्रात देतो, कारण किल्ली आणि वाक्य एका पाकिटात घालायचं नसतं, तसं ज्योत्स्नाने शिकवलं आहे. गोटीरामने वाक्य पाठ केलं तरी किल्लीवाचून त्याचा उपयोग नाही. वाक्य आमच्या गुरुजींचं, वर्गात आल्या आल्या म्हणायचे ते. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायचं:

पाटी पुसा, रांगेत बसा, मग सांगतो चंद्र कसा.

कप्पा इथे आहे, किल्ली तिथे. माझी कविता आता मलाच वाचता येत नाही. तू उघडलीस तर उघडेल. नाही उघडलीस आणि फ्लॉपी दारणा नदीत टाकलीस, तरी मी विचारणार नाही. पण दिवाळीला घरात तू नसलीस तर मला उटणं कोण लावणार आणि ओवाळणार कोण, हे मी विचारतो. ते कुलपात ठेवत नाही.

तुझा,
पुंजा

---

नाशिक, मंगळवार, १३ नोव्हेंबर २००१

प्रिय आशा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते इगतपुरीला पोचेल तेव्हा तू इथे असशील. स्टेशनवर हातात देईन.

काल पोचपावती परत आली. मी पोस्टात असताना हजारो पोचपावत्या पाहिल्या. सहीच्या जागी सही असते, कधी अंगठा असतो. तुझी सही आहे, आणि सहीखाली उरलेल्या बोटभर जागेत मुंगीएवढ्या अक्षरांत तू लिहिलं आहेस: "मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने येते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही रक्त तपासून रिपोर्ट घेऊन स्टेशनवर या. कविता मी नंतर वाचीन. आधी आकडा."

पोस्टमन म्हणाला, "साहेब, पावतीवर मजकूर लिहिता येत नाही." मग स्वतःच म्हणाला, "पण या वेळी चालवून घेऊ."

तर मी आत्ता लॅबच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. सकाळी एकदा रक्त दिलं, जेवून दोन तासांनी परत आलो. डाव्या कोपरात कापूस आहे, कागद नीट धरता येत नाही, म्हणून अक्षर खाली उतरतंय. रक्त घेणाऱ्या मुलीचं नाव वेदिका. तिने फॉर्म भरताना विचारलं, "काका, गोड शेवटचं कधी खाल्लं?"

बाकावर सहा माणसं होती. एक तर माझ्या ओळखीचे, पेन्शनीच्या रांगेतले.

मी म्हणालो, काल सकाळी. सव्वासात वाजता. दोन जिलब्या.

तिने पेन थांबवलं. "इथे सगळे म्हणतात, महिना झाला."

मी म्हणालो, मीही आजवर तेच म्हणत आलो.

पेन्शनवाले गृहस्थ माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "कुठली हो? पुलाजवळची?" मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "साडेसातनंतर गार होते." एवढं बोलून ते दुसरीकडे बघायला लागले.

आशा, सव्वासातची जिलबी मी आता खाणार नाही असं मी लिहीत नाही. एकेचाळीस वेळा लिहून झालं आहे, तारखेसकट. तुझ्यासमोर जे होईल ते होईल. मात्र एक करणार आहे. येताना दुकानातून पाव किलो साखर घेतो आहे. ती तुझी. चहात घालून तू माझ्यासमोर बसून प्यायची आणि मी बघायचं. ही शिक्षा मीच लिहून घेतो. तुला कमी वाटली तर वाढव.

आता वेदिकाने हाक मारली. रिपोर्ट आला.

तिने कागदाची घडी घातली आणि पाकिटात सरकवायला लागली. मी म्हणालो, पाकीट नको. ती म्हणाली, "अहो काका, रिपोर्ट आहे, वाटेत लोक बघतील." मी म्हणालो, बघू देत.

आकडा मी पाहिला. इथे लिहीत नाही, कारण गाडीला तासभरच आहे आणि तुला तो माझ्या तोंडून ऐकायचा नसेल, कागदावरच पाहायचा असेल. चांगला नाही. हे आता रिक्षात बसून लिहितो आहे; रिक्षावाल्याने तो आत्ताच वाचला. "काका, जपा," म्हणाला, आणि स्टेशनकडे जाताना खड्डे चुकवत चालला आहे.

मी फलाटावर इगतपुरीकडच्या टोकाला उभा राहीन. उजव्या हातात साखर असेल, डाव्या हातात तो कागद, उलगडलेला. डब्याच्या खिडकीतूनही दिसेल.

पुंजा